प्रतिक्रियेला उत्तर : ९० आणि ६६ यांच्यामधलं अंतर

नमस्कार. तुम्ही वेळ काढून एवढं सविस्तर आणि तिखट लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा लांबणार आहे. तुमचा आक्षेप असा : स्तनाच्या कर्करोगाचं निदान झाल्यावर पाच वर्षं जगण्याचं प्रमाण अमेरिकेत ९०.२ टक्के आणि भारतात ६६.१ टक्के, हे मीच लेखात दिलं आणि मग ‘तुलना जपून करा’ म्हणत सरकारी नाकर्तेपणावर पांघरूण घातलं. शिवाय सारखं मृत्युदराकडे (म्हणजे निदान झालेल्यांपैकी नव्हे, तर एकूण लोकसंख्येत या आजाराने किती जण जातात, याकडे) बोट दाखवणं म्हणजे लवकर तपासणीला नाकं मुरडणं, असंही तुमचं म्हणणं.

आधी पांघरुणाचं. हे आकडे २०१८च्या ‘कॉनकॉर्ड-३’ या, अनेक देशांतल्या कर्करोग नोंदींवरून जगण्याचं प्रमाण मोजणाऱ्या अभ्यासातले, २०१० ते २०१४ या काळात निदान झालेल्या स्त्रियांचे. आपल्या आकड्यात खोट असलीच तर ती बहुधा आपल्याला बरं दाखवणारी असेल. कर्करोग नोंदणी केंद्र रुग्णाचं नाव, पत्ता, निदानाची तारीख टिपतं आणि पुढे मृत्यूच्या नोंदींशी ताळा करतं. बाई उपचार अर्धवट सोडून गावी गेली, तिथे वारली, मृत्यू नोंदवलाच गेला नाही किंवा माहेरच्या नावाने नोंदवला गेला, की ताळा जुळत नाही. घरी जाऊन कोणी विचारलं नाही तर कागदावर ती जिवंतच राहते. म्हणजे खरं अंतर २४ अंकांपेक्षा जास्तही असू शकेल. यात मी सरकारला कुठे वाचवलं?

मग जपून का? कारण हीच फूटपट्टी दुसरीकडे सपशेल फसवते. २००७ मध्ये रुडी जुलियानी अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या शर्यतीत सांगत फिरत होते, की प्रोस्टेटच्या (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या) कर्करोगातून वाचण्याची शक्यता अमेरिकेत ८२ टक्के, इंग्लंडच्या सरकारी व्यवस्थेत फक्त ४४. ४४चा आकडा तर मुळातच चुकीच्या गणिताचा होता. पण तो सोडला तरी गंमत अशी, की या आजाराचा मृत्युदर दोन्ही देशांत जवळपास सारखाच होता. अमेरिकेत लक्षणं दिसण्याआधीच हा आजार शोधणाऱ्या रक्ततपासणीचा सपाटा होता, एवढंच. समजा दोन पुरुष सत्तराव्या वर्षी याच आजाराने गेले. एकाला लक्षणं दिसून ६७व्या वर्षी निदान झालं, दुसऱ्याला तपासणीत ६२व्या वर्षी. दुसरा ‘पाच वर्षं जगला’ म्हणून मोजला जातो, पहिला नाही. आयुष्य कोणाचंच वाढलेलं नाही.

याचा अर्थ सगळेच फरक आभासी असतात असा मात्र नाही, आणि इथे मी तुमच्याच बाजूला येतो. २०१०मध्ये व्हॅलरी बेरल आणि रिचर्ड पेटो या नावाजलेल्या संशोधकांनी लिहिलं, की कर्करोगानंतर जगण्याचे ब्रिटनचे आकडे दिशाभूल करतात. नोंदणीतल्या त्रुटींमुळे परिस्थिती आहे त्याहून वाईट दिसते. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने हिशेब मांडला. स्तनाच्या कर्करोगात निदानानंतरचं पहिलं वर्ष जगण्याच्या प्रमाणातला ब्रिटन आणि स्वीडनमधला फरक केवळ चुकीच्या तारखांमुळे असेल, तर मरण पावलेल्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक स्त्रियांच्या निदानाची तारीख सरासरी वर्षाहून जास्त चुकलेली असायला हवी. इतका गलथानपणा कोणत्याच कारकुनाला झेपणार नाही!

डेन्मार्कला तर ही पळवाटही नव्हती. १९४३ पासून देशभराची कर्करोग नोंदणी, १९६८ पासून प्रत्येक नागरिकाला ओळख क्रमांक. कोण कधी गेलं हे चोख माहीत. तरी ऑस्ट्रेलिया, कॅनडा, स्वीडनच्या तुलनेत त्यांचे आकडे पडेल होते. त्यांनी संशयित रुग्णाच्या तपासण्या आणि उपचार ठरलेल्या दिवसांत करायची पद्धत बसवली, आणि पुढच्या वर्षांत त्यांचे आकडे झपाट्याने सुधारले. आकड्यावर नुसतं न चिडता तो उसवून बघण्याचा हा फायदा.

आता लवकर तपासणी. मुंबईत टाटा मेमोरियलने १९९८ पासून ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखावर स्त्रियांवर मोठा प्रयोग केला. निम्म्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित महिला कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी केली. यंत्र नाही, क्ष-किरण नाही. वीस वर्षांचे निकाल २०२१ मध्ये आले. तपासणीच्या गटात आजार आधीच्या टप्प्यात सापडला. पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांमध्ये या आजाराचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत मात्र म्हणावी अशी घट दिसली नाही. हा वयाचा फरक जगण्याच्या टक्केवारीतून कळला नसता. त्यासाठी वर्षानुवर्षं मृत्यूच मोजत बसावं लागलं.

तेव्हा नाकं मुरडण्याचा प्रश्नच नाही. तुमचा राग काढायला जागा हवी असेल तर ही घ्या : हाताने करायची ही तपासणी सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या स्त्रियांसाठी आहे, आणि २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ती कधीतरी करून घेतलेल्या निघाल्या ०.९ टक्के.