सायरन, कपाट आणि अण्णांचा कैलास

समीर सुट्टीवर आलाय. युक्रेनमधल्या खार्किव शहरात शिकायला होता, त्यामुळे तो कट्ट्यावर असला की युक्रेन निघतंच. या रविवारी मात्र काढलं ते शिल्पानं. तिकडच्या डिझाइनच्या पोरांची कामं तिने मोबाईलवर साठवून ठेवली आहेत. पोस्टरं, अक्षरांचे टाईप, भरतकामाच्या नक्षीवरून केलेली डिझाइनं, काचा फुटून उडू नयेत म्हणून खिडकीवर मारलेल्या चिकटपट्टीच्या फुल्या. बाई उपयोजित कला शिकवतात, त्यामुळे एकदा सुरू झाल्या की चहा गार होतो.

अण्णांनी मोबाईल हातभर लांब धरला, दोन चित्रं सरकवली आणि परत दिला.

"छान आहे. पण याने क्षेपणास्त्र अडतं का?"

अण्णा निवृत्त झाल्यापासून नाटोचे निफाड तालुका प्रवक्ते आहेत. बशीत बोट बुडवून त्यांनी टेबलावर काळा समुद्र काढायला घेतला होता.

"नाही अडत," शिल्पा म्हणाली. "तुमच्या फॉरवर्डनेही अडलेलं दिसत नाही."

"तसं नव्हे गं. देशावर संकट आहे आणि पोरं अक्षरं वळवत बसलीत. आधी लढाई संपू दे, मग काढा म्हणावं चित्रं."

"१९१७ मध्ये हेच ऐकलं असतं तर काहीच निघालं नसतं. डिसेंबरात कीवमध्ये कला अकादमी उघडली, फेब्रुवारीत रशियातल्या बोल्शेविकांची फौज शहरात. गेओर्गी नारबुत नावाचा चित्रकार त्या अकादमीत शिकवायचा. तेव्हा नव्याने उभ्या राहिलेल्या युक्रेन देशाची १०० कार्बोवानेत्सची नोट त्यानेच काढली, त्रिशूळ घालून. १९२० मध्ये गेला, ३४ वर्षांचा होता. तो देशही टिकला नाही. पण त्याच्या अक्षरांवरून आजची पोरं टाईप करतात."

"नोट चालते का अजून?" बंड्याने विचारलं. बंड्या मंडळाचा खजिनदार, त्याला एवढंच ऐकू येतं.

"मुळात ही ओळख-बिळख सगळं आत्ताचं खूळ आहे," अण्णा म्हणाले. "रशिया आणि युक्रेन भाऊ-भाऊ आहेत."

"भाऊ आहेत म्हणूनच तर. सातबाऱ्यावरून नाव उडवायला कधी परका येतो का?"

कट्टा एकदम गप्प, आणि मग बंड्या फुटलाच. निफाडच्या शेतावरून अण्णांचं आणि त्यांच्या धाकट्याचं काय चाललंय ते इथं चहावाल्याच्या पोरालाही पाठ आहे. अण्णांनी काळा समुद्र रुमालाने पुसून टाकला.

शिल्पाने सोडलं नाही. "१८६३ मध्ये रशियाच्या झारच्या मंत्र्याने युक्रेनी पुस्तकांवर बंधनं घातली. १८७६ मध्ये तर झारनेच छपाई जवळजवळ बंद पाडली, गाण्याच्या सुरांखालचे शब्दसुद्धा छापायचे नाहीत. वेगळे नाहीतच म्हणता ना? मग छापायची एवढी भीती कसली?"

अण्णांनी "हे पाश्चात्त्यांचं..." असं काहीतरी सुरू केलं, पण तेवढ्यात समीर बोलला. तोपर्यंत तो फक्त कप फिरवत होता.

"शिल्पे, तुझं सगळं बरोबर. पण मला ती पोस्टरं बघवत नाहीत."

"का?"

"खार्किवला मेट्रोत झोपलोय मी. उभ्या करून ठेवलेल्या गाडीच्या डब्यांत म्हाताऱ्या, लेकरं, मांजरं. आम्ही फलाटावर. एका प्लगला बारा चार्जर, आणि मध्येच कोणी आपला काढला तर मारामारी. मग मार्च २०२२ मध्ये आपल्या दूतावासाचा निरोप, संध्याकाळी सहाच्या आत खार्किव सोडा, वाहन नसेल तर चालत जा. शहराबाहेरच्या पिसोचिनपर्यंत तंगड्या तोडल्या. पोस्टरवर सायरन म्हणजे छान गोल गोल लाटा असतात. खरा सायरन पोटात वाजतो रे. त्याला रंगसंगती नसते."

यावर अण्णासुद्धा काही बोलले नाहीत. मला वाटलं, आता शिल्पा नमतं घेईल. ती कुठली.

"तुला निघता आलं, समीर. ती पोरं तिथंच आहेत. तुला ते विसरायचंय, त्यांना त्याच सायरनमध्ये दूध आणायला जायचंय. रशियाची सीमा चाळीस किलोमीटरवरसुद्धा नाही. २०२३ पासून तिथल्या लहान मुलांची शाळा मेट्रो स्टेशनात भरते. खिडकी नसलेल्या वर्गाला रंग कुठला द्यायचा, गाडीचा आवाज कसा अडवायचा, पोरांनी कुठून आत यायचं, हे कुणीतरी ठरवतंच ना? तेही डिझाइनच."

"ते वेगळं. पोस्टर वेगळं."

"बरं, पोस्टर घे. तुझ्याच खार्किवचे ओलेह वेक्लेंको. १९८६ मध्ये चेर्नोबिलला सफाईच्या कामावर धाडलेला माणूस. तिथं बसून रेखाटनं केली. १९९१ मध्ये पोस्टरांचं त्रैवार्षिक प्रदर्शन सुरू केलं, नाव 'चौथा ब्लॉक', फुटलेल्या अणुभट्टीचंच. त्यांनाही कुणीतरी अण्णा भेटले असतीलच, पोस्टरने किरणोत्सर्ग थांबतो का म्हणून."

"एवढी वर्षं राहिलो, हे माहीतच नव्हतं," समीर म्हणाला.

"कसं असणार? ॲनाटॉमी, मेस आणि इन्स्टाग्राम."

समीर हसला, पण पटलं नव्हतं त्याला. तोंडावर दिसत होतं. मग शिल्पाने शेवटचं म्हणून कीवजवळच्या बोरोद्यांका गावातलं ते कपाट काढलं. एप्रिल २०२२ मधला फोटो, तुम्हीही पाहिला असेल. इमारत उभी चिरलेली, मजले खाली आलेले, आणि उरलेल्या भिंतीवर कुणाच्या तरी स्वयंपाकघरातलं कपाट जसंच्या तसं टांगलेलं. आत ताटल्या. वर वासिल्किवच्या कारखान्यातला चिनीमातीचा कोंबडा. या कपाटाची किती चित्रं निघाली त्याला गणती नाही.

समीरने फोटो बोटांनी मोठा केला आणि कोंबड्याकडे बघत राहिला. "आमच्या घरमालकिणीकडे होता असाच. त्यात ती सुटे पैसे ठेवायची."

अण्णांनी वाकून पाहिलं. "खिळे कुठल्या कंपनीचे असतील?"

"अण्णा, खिळ्यांचं तुम्ही बोलू नका," बंड्या उसळला. "गणपतीच्या सजावटीतला तुमचा कैलास आरतीच्या आधी आडवा झाला होता."

"तो वाऱ्याने पडला."

"बंद मांडवात?"

"आणि थर्मोकोलची पावती?" हे मी. इतक्या वर्षांनी संधी मिळाली होती.

"पावती नंदीखाली होती. नंदी दबला, पावती गेली."

"अरे, मी काय सांगत होते..." शिल्पा.

"थांब," अण्णांना एकदम तरतरी आली. "नंदी कुणी केला होता? हिने! फर्स्ट इयरला होती. विद्यार्थ्यांचं डिझाइन म्हणून कौतुकाने मध्यभागी ठेवला. लोक कुत्रा समजून त्याच्यापुढे बिस्किटं ठेवायचे!"

समीरच्या नाकातून चहा आला. बंड्या कट्ट्यावरून खाली घसरला.

"ठेवायचे," शिल्पा म्हणाली. "आणि रोज रात्री ती कोण खायचं, सांगू का अण्णा?"