उपसूचनेसह मंजूर

चांगल्या अक्षराचे तोटे शाळेत कुणी सांगत नाही. जुळे सोलापुरातल्या आमच्या कॉलनीत गणपतीच्या वर्गणीची पावती असो की कुणाच्या सासऱ्यांच्या दहाव्याचं पत्रक, “मालक, तेवढं लिहून द्या की” म्हणत माणसं चपला काढून थेट आत येतात. कॉलनीतून सिटी बस गेली पाहिजे असं ठरलं, तेव्हा निवेदन माझ्याच गळ्यात पडणार हे उघड होतं. पण ‘थांबा कुठे हवा’ ही एक ओळ लिहायला सबंध उन्हाळा जाईल असं आधी कळलं असतं, तर मी त्याच दिवशी हात गळ्यात बांधून बसलो असतो.

मागणी खोटी नव्हती. आम्हाला नवी पेठेत जायचं तर आसरा चौकापर्यंत चालायचं आणि शेअर रिक्षात स्वतःला भरायचं. कायद्याने रिक्षात तीन प्रवासी. प्रत्यक्षात मागे चार आणि पुढे ड्रायव्हरच्या दोन्ही अंगांना एकेक. उजव्या अंगाचा माणूस निम्मा रिक्षात आणि निम्मा सात रस्ता चौकात असतो. एका हाताने वरचा गज धरायचा, दुसऱ्या हाताने पिशवी. मे महिन्यात पारा 43 च्या पुढे गेला की तो गज धरवत नाही आणि सोडवतही नाही. ड्रायव्हर हँडल वळवतो तेव्हा त्याचा कोपर आपल्या बरगडीत येतो. रिक्षा वळणार हे मागच्या मोटारीच्या आधी आपल्याला कळतं. तर बस हवीच होती.

सभेची तारीख ठरवणं हाच पहिला घोळ. सोलापुरात मुहूर्त पंचांगात बघत नाहीत, पाण्याच्या दिवसावर बघतात. काही दिवसांआड येणारं पाणी ज्या संध्याकाळी येतं, त्या संध्याकाळी लग्नाची बोलणी सोडून माणसं मोटार चालू करायला पळतात. एकाला शुक्रवार जमेना, कारण आमच्या गल्लीचं पाणी. दुसऱ्याला शनिवार जमेना, कारण त्याच्या गल्लीचं. शेवटी जिथे दोन्हीकडचे नळ कोरडे, असा एक वार सापडला आणि मारुतीच्या देवळामागे सतरंजी पडली.

अध्यक्ष म्हणून आमचे कायदेवाले काका. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, पण नोकरी त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. त्यांनी सुरुवातच इतिहासापासून केली. सोलापूरची नगरपालिका 1852 ची, महापालिका 1964 ची, आणि 1930 मध्ये नगरपालिकेच्या इमारतीवर तिरंगा फडकवणारं हे गाव! “अशा गावात मालक, एक बस मागायला आपण लाजतो?” टाळ्या पडल्या. मग ते म्हणाले, जे काय व्हायचं ते रीतसर. सूचक पाहिजे, अनुमोदक पाहिजे, उपसूचना, म्हणजे मूळ सूचनेत बदल, मांडायची तर लेखी मांडा.

ही उपसूचना आम्हाला नको ती गोष्ट शिकवून गेली.

पहिली सूचना सरळ होती: थांबा पाण्याच्या टाकीजवळ. टाकीसमोर राहणारे अण्णा लगेच उठले. “टाकीजवळच पाहिजे, पण टाकीच्या पलीकडं. माणसं बसची वाट बघत शेंगा खातात. टरफलं कुणी झाडायची बे?” पलीकडच्या घरातल्या वहिनींनी दारासमोर थांबा म्हणजे वास्तुदोष असल्याचं सांगितलं. तिसऱ्या कोपऱ्यावर एकांची चारचाकी उभी असते. म्हणजे कव्हर उभं असतं. आत गाडी आहे यावर आम्ही विश्वास ठेवतो. ती हलवता येणार नव्हती. काका प्रत्येक गोष्ट वहीत उतरवून घेत होते: थांबा टाकीजवळ असावा, उपसूचना, टाकीसमोर नसावा, उपसूचनेवर उपसूचना, टाकीमागेही नसावा, उपसूचनेसह एकमताने मंजूर.

सबंध कॉलनीत “माझ्या दारात करा थांबा, बाकडं मी टाकतो” म्हणणारा एकच माणूस निघाला, किराणा दुकानवाला. आणि या एका मुद्द्यावर मात्र सभा खरोखर एक झाली. याचा धंदा वाढावा म्हणून आम्ही बस आणायची? बेत हाणून पाडला. तो गप्प बसला आणि दुसऱ्या दिवसापासून उधारीची वही कपाटात गेली.

तेव्हापासून नगरसेवकांबद्दल माझं मत जरा मवाळ झालंय. आमची वीस-बावीस घरं, त्यात ही तऱ्हा. 2017 च्या निवडणुकीत या शहराने 26 प्रभागांतून 102 नगरसेवक निवडून दिले. त्या सगळ्यांनी एका सभागृहात बसून विडी घरकुलपासून सैफुलपर्यंतचे मार्ग ठरवायचे, आणि वर लोकांनी म्हणायचं, सभेत गोंधळ का होतो.

मग निवेदन कुणाच्या नावाने, यावर एक बैठक. काकांच्या मते रीतसर मार्ग म्हणजे परिवहन समितीचे सभापती. पण त्या सभागृहाची मुदत मार्च 2022 मध्ये संपली होती. तेव्हा समित्या नव्हत्या, सभापती नव्हते, आयुक्तच प्रशासक होते. म्हणजे आयुक्तांनी प्रस्ताव ठेवायचा आणि सभेच्या वतीने प्रशासक म्हणून त्यांनीच मंजूर करायचा. काका खरोखर हळहळले. “मग उपसूचना कोण मांडणार?”

कुणीतरी म्हणालं, तिकीट पाच रुपये ठेवा असंही लिहा. काकांनी त्याला गप्प केलं: भाड्याला मंजुरी देणार प्रादेशिक परिवहन प्राधिकरण, तिथे अध्यक्ष जिल्हाधिकारी, तेव्हा एक प्रत तिकडे. थांबा रस्त्यावर, म्हणून एक प्रत वाहतूक पोलिसांना. ‘प्रत माहितीसाठी सविनय सादर’ ही यादी मूळ निवेदनापेक्षा लांब झाली. थांब्याच्या जागी मी शेवटी ‘सोयीच्या ठिकाणी’ असं लिहून मोकळा झालो.

निवेदन द्यायला महापालिकेच्या इंद्रभुवनला गेलो. अप्पासाहेब वारदांनी बांधलेली ती देखणी इमारत. वरचं नक्षीकाम बघत चालावं आणि पायरीला ठेच लागावी, असा माझा नेहमीचा क्रम. आवक क्रमांक पडला, पोच मिळाली, काकांनी तिला प्लॅस्टिकचं कव्हर घातलं. काही आठवड्यांनी कागद परत आला. शेरा होता: थांब्याचे नेमके ठिकाण स्पष्ट करावे. माझ्या मते त्या टेबलावरचा माणूस कॉलनीत राहणारा असावा.

पुन्हा सतरंजी. यावेळी अण्णांना अचानक सुचलं की कडुनिंबाशेजारचा तो मोकळा प्लॉट आहे की! त्याचा मालक असतो पुण्याला, दिवाळीलाच येतो, सभेला यायचा प्रश्न नाही. इतकी निर्विवाद जागा दुसरी नव्हती. सूचक अण्णा, अनुमोदक सगळे.

मी नवी प्रत काढायला बसलो, तेव्हा आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या अक्का स्वयंपाकघरात होत्या. त्या पूर्व भागातून येतात, सात रस्त्याला रिक्षा बदलून. कॉलनीत रोज खरंच बसने येईल असं माणूस तेवढंच, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. मी विचारलं, “अक्का, बस सुरू झाली तर थांबा कुठं पाहिजे तुम्हाला?”

त्यांनी पोळी उलटली. “कुठं बी असू द्या की मालक. सकाळी साडेसहाला हाय का बगा. त्या टायमाला रिक्षावाला सीटं भरल्याबिगर हलत नाही, अन् उशीर झाला की वहिनी बोलतात.”

मी निवेदन पहिल्यापासून वाचलं. टाकी, टरफलं, वास्तू, चारचाकी, तिरंगा, सगळं होतं. वेळ नव्हती.

सभेत मुद्दा मांडला. अण्णा दचकलेच. “साडेसहाला? झोपमोड होणार की!” काकांनी तोडगा काढला: सकाळी अकरा.

“अकराला कोण जाणार आहे इथून?” मी विचारलं.

“कुणी नाही. म्हणूनच हरकत येणार नाही.” उपसूचनेसह एकमताने मंजूर.

घरी येऊन मी स्वच्छ अक्षरात ‘सकाळी 6.30’ लिहिलं आणि कागद सह्यांना फिरवला. सही करताना वाचायची आपल्याकडे पद्धत नाही, त्यामुळे अडचण आली नाही. काकांनी मात्र चष्मा लावून ओळ न् ओळ वाचली, मान वर करून माझ्याकडे बघितलं, सही ठोकली आणि खाली कंसात लिहिलं: उपसूचनेसह.