आयत्या वेळचे विषय

गेल्या रविवारी एका पंचविशीतल्या मुलाने माझी सूचना माझ्यादेखत ‘पार्किंग’ असे लिहिलेल्या तक्त्यावर डकवली आणि त्यानंतर तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. आमच्या कॅथलिक धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपांच्या कार्यक्षेत्राच्या, पुढील दहा वर्षांचा आराखडा ठरवायचा म्हणून सातारा जिल्ह्यातील आमच्या धर्मग्रामात, म्हणजे स्थानिक चर्चमध्ये, बैठक भरली होती. आमचे म्हणणे ऐकून घेण्यासाठी हा मार्गदर्शक बाहेरून आणला होता, आणि 2035 साली आपला धर्मप्रांत कसा असावा, हे प्रत्येकाने पिवळ्या चिकट कागदावर चार शब्दांत लिहायचे होते. मी लिहिले, ‘मराठी मिस्सा दहा वाजता’. मिस्सा म्हणजे चर्चमधली आमची रविवारची उपासना. शब्द मोजून चारच होते.

“अंकल, हे ऑपरेशनल आहे,” तो म्हणाला. “आपल्याला स्ट्रॅटेजिक हवे आहे.”

माझ्या शेजारी अण्णा बसले होते. अण्णांची हयात सहकारी साखर कारखान्यात गेली. चिटबॉय म्हणून लागलेला हा मनुष्य वार्षिक सभांची इतिवृत्ते लिहीत निवृत्त झाला, आणि उपविधी, कोरम व ठराव यांवाचून जगात एखादी संस्था चालू शकते, यावर त्याचा आजही विश्वास नाही. पडद्यावर धर्मप्रांताचा नकाशा उमटताच अण्णा उभे राहिले.

“बिशपसाहेबांची मुदत किती वर्षांची?”

“मुदत नसते. पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली की त्यांनी पोपमहोदयांकडे राजीनामा सादर करावा, असा संकेत आहे.”

“मग निवडणूक कधी लागते?”

“निवडणूक नसते, काका. नेमणूक रोमहून होते.”

“म्हणजे प्रशासक,” अण्णा म्हणाले. “आणि आपला पुणे धर्मप्रांत स्थापन कधी झाला?”

“1886 साली.”

“तेव्हापासून प्रशासकच?” असे म्हणून अण्णांनी कपाळाला हात लावला आणि सभागृहाकडे अशा नजरेने पाहिले, की दोन-तीन जणांनी ओशाळून मान खाली घातली.

मुलाने विषय सावरण्यासाठी पाळकीय परिषदेची माहिती सांगितली. ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार, म्हणजे 1983 च्या धर्मसंहितेनुसार, या परिषदेचे मत केवळ सल्ल्यापुरते असते आणि बिशपांचे पद रिक्त होताच ती आपोआप संपुष्टात येते, हे ऐकून अण्णांच्या चेहऱ्यावर कौतुक उमटले. निबंधकांचा आदेश नाही, सुनावणी नाही, स्थगिती नाही आणि मंडळ बरखास्त! कारखान्यात एवढ्या कामाला तीन वर्षे आणि दोन वकील लागत, असे त्यांनी मला हळूच सांगितले. मात्र 2005 साली याच धर्मप्रांताचा भाग वेगळा काढून सिंधुदुर्ग धर्मप्रांत केला आणि कोल्हापूर तिकडे गेले, हे कळताच ते पुन्हा ताठ झाले. कार्यक्षेत्राची विभागणी सभासदांना नोटीस न देता झालीच कशी, हा त्यांचा प्रश्न होता. शेवटी त्यांनी विचारले, “दिवाळीला सभासदाला काय मिळते?”

“आध्यात्मिक समृद्धी, काका.”

“घरपोच, की गोदामावरून न्यायची?”

टाळ्या पडल्या. मुलाने हा सगळा संवाद ‘लोकसहभाग’ या मथळ्याखाली हिरव्या कागदावर उतरवून घेतला. बिशपांची निवडणूक घ्या म्हणणारा मनुष्य दूरदर्शी ठरला, आणि मिस्सा दीड तास पुढे न्या म्हणणारा मी पार्किंगमध्ये गेलो.

आता माझे म्हणणे सांगतो, कारण तेथे ते कोणी विचारलेच नाही. या जिल्ह्यात आम्ही कॅथलिक मूठभर आणि विखुरलेले आहोत. शेजाऱ्यांच्या लेखी सगळे ख्रिस्ती एकच. मिरजेचे मिशन हॉस्पिटल प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर वॉनलेस यांनी उभारले, तरी त्याचे आभार लोक अधूनमधून माझेच मानतात आणि मीही ते स्वीकारून मोकळा होतो. कोरेगाव-खटावकडच्या आमच्या मंडळींची एसटी नऊ वाजता पोहोचते आणि मराठी मिस्सा साडेआठला सुरू होते. म्हाताऱ्या बायका तासभर उभ्याने प्रवास करून येतात, तेव्हा प्रवचन संपलेले असते. दहा वाजता इंग्रजी मिस्सा असते, आणि तिला येणारी मंडळी मोटारीने येतात. मोटार साडेआठलाही निघू शकते, हे सांगायला व्यवस्थापनशास्त्राची पदवी लागू नये. पोप फ्रान्सिस यांनी 2021 साली सुरू केलेल्या सिनडच्या, म्हणजे विचारविनिमयाच्या धर्मसभेच्या, प्रक्रियेत साऱ्या ख्रिस्तसभेला ऐकून घ्यायला सांगितले होते आणि 2024 च्या अंतिम दस्तऐवजात अशा सल्लागार परिषदा सक्तीच्या कराव्यात असेही म्हटले आहे. ते वाचून मला मनापासून आनंद झाला होता. सक्तीने ऐकून घेतले म्हणजे नेमके काय होते, ते मला या रविवारी दिसले.

परवा बैठकीचे इतिवृत्त आले. दूरच्या भाविकांपर्यंत पोहोचण्यासाठी एक उपसमिती नेमली असून अण्णा तिचे निमंत्रक आहेत आणि मला न विचारता माझे नाव सदस्यांत घातले आहे. पहिली सभा शनिवारी सकाळी साडेआठला. मी चिडून अण्णांना फोन केला.

“गुरुजी, तुम्ही सावकाश नऊच्या एसटीने या,” ते शांतपणे म्हणाले. “साडेआठला कोरम होणार नाही. सभा अर्धा तास तहकूब करायची आणि पुन्हा भरवायची. तहकूब सभेला कोरम लागत नाही.”

“आणि मिस्साच्या वेळेचे काय?”

“तो विषय पत्रिकेवर नाही. आयत्या वेळी घेता येईल, पण अध्यक्षांची परवानगी लागेल.”

अध्यक्ष दहाच्या मिस्साला येतात.