दुसऱ्या भेटीला जाऊ नये

आहारतज्ज्ञाकडे पहिल्या भेटीला जरूर जावं. त्यात तोटा काहीच नाही. फी जाते, वजन होतं, पोटाला टेप लागते आणि बाहेर पडताना हातात एक छापील कागद येतो. तो फ्रिजवर लावला की पुढची दोन वर्षं कुठल्याही लग्नाच्या पंगतीत, तोंडात जिलबी असताना, "माझं डाएट चालू आहे" असं म्हणता येतं. इतक्या पैशांत इतकी प्रतिष्ठा दुसरीकडे मिळत नाही. धोका आहे तो पुढे. निघता निघता मॅडम सहज म्हणतात, "पंधरा दिवसांनी या. काय जमलं, काय नाही जमलं, बघू." इथे सावध व्हा. काय जमलं नाही हे शांतपणे ऐकून घेणारा माणूस फार घातक. तो तुम्हाला बदलूनच सोडतो.

याला पुरावा आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या तीन हजारांहून जास्त लोकांपैकी काहींना मेटफॉर्मिन ह्या मधुमेहावरच्या औषधाची गोळी दिली, काहींना आहार-व्यायामाचं मार्गदर्शन, काहींना औषध नसलेली, नुसती दाखवायची गोळी. दाखवायच्या गोळीच्या तुलनेत मेटफॉर्मिनने मधुमेह होण्याचं प्रमाण ३१ टक्क्यांनी घटलं, मार्गदर्शनाने ५८ टक्क्यांनी. आता तुम्ही विचाराल, असं काय खायला घातलं? विशेष काही नाही. वजन सात टक्के उतरवा आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चाला, एवढंच. मेख अशी की पहिल्या सहा महिन्यांत प्रत्येकाच्या आपल्या मार्गदर्शकाबरोबर सोळा बैठका ठरलेल्या होत्या. सोळा! आपण सख्ख्या मावशीकडेही सहा महिन्यांत सोळा वेळा जात नाही.

अमेरिकेचं सोडा. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी ५३७ नोकरदार पुरुषांवर असाच प्रयोग केला. साखर काठावर असलेले हे लोक. निम्म्यांना एकदाच सल्ला देऊन घरी पाठवलं, म्हणजे अगदी आपल्या पद्धतीने. उरलेल्यांना त्यावर मोबाइलवर नियमित संदेश पाठवत राहिले. २०१३ साली निष्कर्ष आले: दोन वर्षांत पहिल्या गटातल्या २७ टक्क्यांना मधुमेह झाला, दुसऱ्या गटातल्या १८ टक्क्यांना. नुसत्या एसेमेसने! तेव्हा दवाखान्याकडून येणारे संदेश आजच म्यूट करा. घरच्या ग्रुपवरचे मेथीच्या पाण्याचे आणि जांभळाच्या बियांचे संदेश मात्र चालू राहू द्या. त्यांनी कुणाच्या सवयीला धक्का लागल्याचं ऐकिवात नाही.

पहिल्या भेटीतही काही पथ्यं पाळावी लागतात. मॅडम विचारतात, "काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय खाल्लंत?" याचं अधिकृत उत्तर आहे, "काही नाही हो, आपलं साधंच. दोन पोळ्या, भाजी, वरण-भात." बास. चहाबरोबरची खारी हे खाणं नव्हे, ते चहाचं अंग आहे. तळणीतून निघालेली पहिली तीन भजी मिठाचा अंदाज घेण्यासाठी असतात. प्रसाद तर धरायचाच नाही, तो देवाच्या खात्यावर. नातवाने टाकलेला पराठा अन्न वाया जाऊ नये म्हणून खाल्लेला, ते समाजकार्य झालं. ऑफिसातला केक दुसऱ्याच्या वाढदिवसाचा, म्हणजे दुसऱ्याचाच. आणि चहा किती, असं विचारलं तर "फार नाही" म्हणावं. पाच कप गुणिले दोन चमचे साखर हा हिशोब त्यांनी कागदावर मांडला तर चाळीस-पन्नास ग्रॅम निघतात आणि जागतिक आरोग्य संघटनेने दिवसभरासाठी आखलेली लक्ष्मणरेषा नुसत्या चहातच गाठली जाते. शिऱ्याला, श्रीखंडाला जागाच उरत नाही. हा हिशोब होऊ देऊ नका.

पुरुष वाचकांसाठी याहून सोपा मार्ग आहे: बायकोला बरोबर न्यावं. प्रश्न आला की मान तिच्याकडे वळवावी. "हिलाच विचारा. मला काय माहीत मी काय खातो." मग कागद तिच्या पर्समध्ये जातो, पथ्य तिच्या डोक्यावर येतं, आणि साखर वाढली तर "घरात तसलं काही करतच नाही ही" असं डॉक्टरांना सांगता येतं. मधुमेह तुमचा, नापास ती. ह्या व्यवस्थेचा आणखी एक फायदा असा की तिचे स्वतःचे गुडघे, तिचं हिमोग्लोबिन आणि रात्री सगळ्यांचं झाल्यावर कढईशी उभं राहून संपवलेलं उरलंसुरलं याबद्दल कुणी काही विचारत नाही. तिची वेळ घेतलेली नसते. तिची वेळ नंतर. मुलीची बारावी झाली की.

आता कागदावर काय लिहिलंय ते बघा. पहिल्यांदा घोर निराशा होईल. ज्वारीची भाकरी. मटकीची उसळ. भात अर्धी वाटी कमी, त्याऐवजी कोशिंबीर जास्त. ताक. रात्री जेवल्यावर पंधरा मिनिटं चालणं. हे सगळं आजी फुकट सांगत होती, त्यासाठी फी कशाला, असा प्रश्न विचारून मोकळे व्हा. (आजीचं तेव्हा ऐकलं नव्हतं, हा मुद्दा इथे काढू नये.) खरं डाएट कसं, ज्याचं सामान कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मिळत नाही ते. किन्वा हवा, चिया हवं, ॲव्होकाडो हवा. दोनशे ग्रॅमचं पाकीट आणावं, एकदा करून बघावं, घरच्यांनी नावं ठेवली की डब्यात ठेवून द्यावं. अळ्या झाल्या की टाकताना वाईट वाटतं, आणि तेवढ्यात "आम्ही सगळं करून बघितलं" हे वाक्यही खरं होतं.

मॅडम फारच प्रश्न विचारत असतील तर तज्ज्ञ बदला. सोसायटीत एखादा वेलनेस कोच असतोच. गेल्या वर्षीपर्यंत तो विमा विकायचा, आता पावडरचे डबे विकतो. त्याला तुमचे रिपोर्ट बघायचे नसतात. मूत्रपिंडाचं काम सांगणारं क्रिएटिनिन किती, कुठल्या गोळ्या चालू आहेत, झोप लागते का, असल्या चौकशा तो करत नाही. आहारशास्त्रातली पदवी, नोंदणी वगैरे त्याला विचारणं शिष्टाचाराला सोडून होईल. तो तुमच्याकडे बघून फक्त "सर, दहा किलो" म्हणतो. किती सकारात्मक माणूस.

आता प्रश्न उरतो सुरुवात कधी करायची हा. सोमवारी, हे तर ठरलेलंच. पण कुठल्या? जानेवारीत हुरडा आणि तिळगूळ असतो, त्यामुळे तो बाद. मग लग्नं. पाडव्याला श्रीखंडाने वर्ष सुरू करायचं ही परंपरा, ती मोडता येत नाही. एप्रिल-मे आंब्याचे, आणि आंब्याच्या दिवसांत पथ्य करणारा माणूस कोकणात तोंड दाखवू शकत नाही. जूनमध्ये पाऊस, म्हणजे चालणं बंद आणि भजी सुरू. आषाढ तळायचा असतो. श्रावणात उपवास, पण ते आपले उपवास, साबुदाण्याचे. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' हे पूर्वजांनी आपल्याकडे बघूनच म्हटलं असावं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यावर तूप, दाण्याचं कूट आणि वर बटाटा. मग गणपती. मग पितृपक्ष, त्यात चांगलं काम सुरू करत नाहीत. नवरात्र, पुन्हा साबुदाणा. दिवाळीचा फराळ तुळशीच्या लग्नापर्यंत पुरतो आणि तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लागतात. डिसेंबरात थंडी पडते, डिंकाचे लाडू होतात आणि थंडीत भूक जरा जास्तच लागते. बघता बघता वर्ष सरतं. दोष कुणाचाच नाही, पंचांगाचा आहे.

इथे एका विशिष्ट प्रकारच्या तज्ज्ञापासून जपून राहा. तो म्हणतो, "गणपतीत मोदक खा की! दोन खा, त्या वेळी भात घेऊ नका, संध्याकाळी आरतीला चालत जा." हा सगळ्यात वाईट. जो "आजपासून गोड बंद" म्हणतो त्याचं चौथ्या दिवशी मोडता येतं आणि खापर त्याच्यावर फोडता येतं. पण जो मोदक खाऊ देतो, त्याचं मोडणार कसं?

समजा एवढं करूनही चुकून सवय लागायला लागली. आठ-दहा दिवस सलग चालून आलात. तर एक दिवस दांडी मारा आणि लगेच जाहीर करा, "झालं, बिघडलं सगळं." 'एकवीस दिवसांत सवय लागते' ह्या समजुतीचा इथे चांगला उपयोग होतो, कारण बाविसाव्या दिवशी कंटाळा आला की सिद्ध होतं की दोष आपल्या स्वभावातच आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली यांनी ९६ लोकांवर केलेल्या अभ्यासात एखादी गोष्ट अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असं निघालं. कुणाला १८, तर कुणाचा अंदाज थेट २५४ दिवसांवर गेला. त्यातलं सर्वांत घातक निरीक्षण हे की मध्ये एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडत नाही. ही बातमी घरात पसरू देऊ नका. चुकलेला दिवस ही सोडून देण्याची एकमेव सन्माननीय सबब आहे. तीच गेली तर माणसाने करायचं काय?

जिमबद्दल काही सांगायला नको, वर्षाचे पैसे भरलेत म्हणजे तुम्ही जाणकार आहात. फिजिओथेरपिस्टने दिलेला काटकुळ्या माणसांच्या चित्रांचा कागद डाएटच्या कागदाशेजारीच लावा. पाय सरळ ठेवून मांडी आवळायची आणि दहा मोजायचे, ह्यात औषध काय आलं? त्यापेक्षा तेल लावावं. आणि आठवड्याला दीडशे मिनिटं हा आकडा बघा, रोजची वीस-बावीस मिनिटं. इतक्या किरकोळ आकड्यासाठी घराबाहेर पडणं शोभत नाही. दहा हजार पावलांचा आग्रह धरा. तो १९६५ साली एका जपानी कंपनीने पावलं मोजणाऱ्या यंत्राला दिलेल्या नावातून रूढ झाला आहे, त्यामुळे भरपूर मोठा आहे आणि पूर्ण होत नाही.

तपासण्या मार्चमध्ये कराव्यात. आयकराच्या जुन्या प्रणालीत असाल तर प्रतिबंधक तपासणीला पाच हजारांपर्यंत वजावट मिळते. आरोग्याचा याहून ठोस फायदा दुसरा नाही. तपासणीआधी तीन दिवस कारल्याचा रस घ्या, रात्री लवकर जेवा, उपाशीपोटीची साखर लाजेकाजेस्तव खाली येते. अडचण एकाच तपासणीची, एचबीए१सी. ती पक्की चहाडखोर. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनला साखर चिकटून बसते, त्यामुळे तीन दिवसांच्या कारल्याखालून मागच्या तीन महिन्यांची बासुंदी वर येते. ६.५ किंवा त्याहून जास्त आकडा आला तर आधी लॅबला नावं ठेवा. मग डॉक्टरांना म्हणा, "गोळी नका वाढवू, या वेळी मी नक्की कंट्रोल करतो." हेच मागच्या वेळीही म्हटलं होतं, पण त्यांना दिवसाला पन्नास पेशंट, त्यांच्या कुठलं लक्षात राहतंय. आणि गोळीने आकडा खाली आला रे आला की गोळी थांबवा.

"पण मी तर बारीक आहे," असं म्हणणाऱ्यांना ह्या लेखाची गरज नाही असं समजू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक जोड-फोटो २००४ साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. तेव्हा मराठी माणसाने वजनकाट्यावर मन रमवावं. टेप लावू देऊ नये.

टेप घेऊन घरी कुणी येत नाही अशा भ्रमात मात्र राहू नका. तुम्ही तिशी ओलांडली असेल तर आशाताई फॉर्म घेऊन दारात येऊ शकते. तंबाखू खाता का, आईवडिलांपैकी कुणाला साखर-बीपी होतं का, आठवड्याला दीडशे मिनिटं हालचाल होते का, असे प्रश्न असतात आणि कमरेचं मापही असतं; गुण चारच्या वर गेले की तपासणीला बोलावतात. ती पुन्हा येते, हा तिचा मोठा दोष. "साहेब घरी नाहीत" हे एकदाच चालतं. माप घेताना पोट आत ओढा, व्यायामाच्या प्रश्नाला "हो हो" म्हणा आणि चौथा प्रश्न येण्याआधी चहा पुढे करा. उन्हातून चार इमारती चढून आलेली बाई "बिनसाखरेचा आहे का" असं विचारेल. नसला तर तिचाही कप तुम्हीच घ्या, उगाच वाया कशाला घालवायचा.