बिल अर्धं करणाऱ्या त्या मेसेजबद्दल

गेले दोन आठवडे आमच्या गिरगावातल्या इमारतीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. रात्री फ्रिज बंद ठेवा, एसी १६ वर लावा, गिझर दिवसभर चालू राहू द्या, पंखा हळू केल्याने काही वाचत नाही, आणि सॉकेटमध्ये ‘पॉवर सेव्हर’ डबी लावा. बिल अर्धं होईल. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी तो वाचून रात्री फ्रिज बंद करायला सुरुवात केली. त्यांचं इन्सुलिन त्याच फ्रिजमध्ये असतं. म्हणून हे लिहितोय.

आधी फ्रिज. तो रात्रभर सलग वीज खात नाही. आत पुरेसं गार झालं की कॉम्प्रेसर आपोआप थांबतो. रात्री बटण बंद केलंत तर सकाळी तोच कॉम्प्रेसर बराच वेळ चालून आतली गरमी बाहेर काढतो. वाचतं ते किरकोळ. दूध नासतं ते वेगळंच, आणि न उघडलेलं इन्सुलिन तर २ ते ८ अंशांतच ठेवायचं असतं. आजी, फ्रिज कृपा करून चालू ठेवा.

एसी १६ वर लावल्याने खोली लवकर गार होत नाही. साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या, एसीचा कॉम्प्रेसर १६ वर असो की २५ वर, एकाच जोराने चालतो. आकडा फक्त तो कधी थांबणार हे ठरवतो. मुंबईच्या मे महिन्यात खोली १६ पर्यंत उतरतच नाही, म्हणजे तो थांबतही नाही. तापमान एक अंशाने वाढवलं की साधारण ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. २०२० पासून नवे एसी सुरुवातीला २४ वर लावलेले येतात ते याचसाठी. २६ वर ठेवून वर पंखा लावा. आपल्याकडच्या घामट हवेत खरा आराम वाऱ्याचाच.

गिझरबद्दल मात्र हिशेबच मांडतो, कारण ‘तीन हजार वॅटचा इन्स्टंट गिझर वीज जास्त खातो’ हे मी घरोघरी ऐकलंय. १५ लिटरची बादली २५ अंशांवरून ४५ वर न्यायला सुमारे ०.३५ युनिट लागतं. तीन हजार वॅटचा गिझर ते काम सात मिनिटांत करतो, दोन हजारचा साडेदहा मिनिटांत. युनिटं तेवढीच. वॅट किती यापेक्षा पाणी किती आणि किती गरम, हे महत्त्वाचं. टाकीचा गिझर दिवसभर चालू ठेवलात, तर टाकीतून निसटणारी उष्णता तो पुन्हा पुन्हा भरून काढत बसतो, कोणी आंघोळ करत नसतानाही.

पंख्याचा मुद्दा एकेकाळी बऱ्याच अंशी खरा होता. भिंतीवरचा तो जुना मोठा रेग्युलेटर पंखा हळू केला की स्वतः तापायचा, उरलेली वीज तिथेच जळायची. आजच्या छोट्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरने खरोखर वाचते. नवा पंखा घेणार असाल तर बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, घ्या: जुना ७५ वॅटच्या आसपास, हा तीसेक. आपल्याकडे पंखा वर्षातले दहा महिने फिरतो, आणि बिलात १०० आणि ३०० युनिटांच्या पायऱ्या आहेत, त्या ओलांडल्या की पुढच्या युनिटांचा दर वाढतो, तेव्हा वाचलेलं युनिट बहुतेक वेळा महागड्या पायरीवरचं असतं.

आता ती डबी. आत असतो एक कपॅसिटर, म्हणजे थोडा वेळ वीज साठवणारा छोटा भाग, कधी नुसताच दिवा. कारखान्यांत कपॅसिटरचे पॅनेल लावतात, कारण त्यांना पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी किती खरोखर कामाला लागते त्याचं प्रमाण) घसरला तर पैसे मोजावे लागतात. आपल्या घरगुती बिलात पॉवर फॅक्टर धरतच नाहीत, फक्त वापरलेली युनिटं धरतात, आणि ती डबीने कमी होत नाहीत. माझ्यावर विश्वास ठेवू नका, मोजून पाहा. घरातलं सगळं बंद करून एकच पंखा चालू ठेवा. एकाने वर डबी लावायची-काढायची, दुसऱ्याने खाली मीटरच्या खोलीत आपल्या मीटरवरचा लाल दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजायचं (जितकी वीज वापरली तितका तो लुकलुकतो): दहा मिनिटं डबीसह, दहा मिनिटं डबीशिवाय. ज्यांनी डबी घेतली आहे त्यांनी रविवारी सकाळी दहा वाजता घेऊन या. मी वही-पेन घेऊन खाली थांबतो.