कामाचं वाटप कोणाच्या हातात?

"युनियनचे दिवस गेले आता" हे वाक्य इतक्या वेळा कानावर पडलंय की त्याच्या पुढचं सगळं मला तोंडपाठ झालंय. कारखाने आटले. लोक घरून काम करतात, दोन-तीन वर्षांत नोकरी बदलतात. कोणी ॲपवर गाडी चालवतं, कोणी घरबसल्या परदेशातल्या क्लायंटला डिझाइन करून देतं. मालक कोण हेच ठाऊक नसेल तर मागणीपत्र ठेवायचं कोणापुढे? ऐकायला चोख वाटतं. पण यात एक गोष्ट गुपचूप गृहीत धरलेली असते: युनियन म्हणजे एका छताखाली, कायम नोकरीत असलेल्यांची मिरास. तसं कधीच नव्हतं. चळवळीतल्या काही मोठ्या लढाया तर अशा लोकांनी लढल्या, ज्यांना धड नोकरीच नव्हती.

लंडनची गोदी घ्या, साल १८८९. तिथल्या बहुतेक हमालांना नोकरी नावाची गोष्ट माहीत नव्हती. सकाळी फाटकावर जाऊन उभं राहायचं. मुकादम ज्याच्याकडे बोट दाखवेल त्याला काम, बाकीच्यांनी पुढच्या पुकाऱ्याची वाट बघायची. काम मिळालं तरी ते दिवसाचं नव्हे, तासाचं. जहाज तासाभरात रिकामं झालं की तासाचे पैसे खिशात घालून पुन्हा फाटकावर. काही ठिकाणी मुकादम कामाचे बिल्ले सरळ गर्दीत भिरकावायचा आणि ते झेलायला माणसं एकमेकांच्या अंगावर चढायची. ही माणसं संघटित होऊ शकतील यावर जुन्या, कसबी कारागिरांच्या युनियनांचासुद्धा विश्वास नव्हता. बेन टिलेट, टॉम मान आणि जॉन बर्न्स यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी पाच आठवडे संप केला, ऑस्ट्रेलियातून सुमारे ३० हजार पौंडांची मदत आली, आणि ताशी सहा पेन्सचा दर त्यांनी पदरात पाडून घेतला.

सहा पेन्सची गोष्ट सगळे सांगतात. मला त्यांची दुसरी मागणी जास्त मोलाची वाटते. एकदा कामावर घेतलं की निदान चार तासांचं काम दिलंच पाहिजे, ही. म्हणजे ताटकळण्याचा भुर्दंड एकट्या कामगाराने का सोसायचा, हा प्रश्न त्यांनी मालकापुढे ठेवला होता.

आता ॲपवर काम करणाऱ्या कोणाच्याही शेजारी अर्धा तास बसून बघा. फोन वाजतो. स्क्रीनवर ऑर्डर येते, आणि खाली एक पट्टी झरझर लहान होत जाते. तेवढ्या काही सेकंदांत ठरवायचं: घ्यायची की सोडायची. पैसे किती ते दिसतं, पण अनेकदा जायचं कुठे ते नीट कळत नाही. सोडली तर ऑर्डर स्वीकारण्याची टक्केवारी घसरते, आणि ती घसरली की पुढच्या ऑर्डरी कमी येतात असा सगळ्यांचा अंदाज. अंदाजच, कारण नियम कोणी सांगितलेलाच नाही. मग पट्टी संपते, आणि पुन्हा वाट बघणं. या वाट बघण्याचे पैसे नाहीत. फाटक खिशात आलं, मुकादम दिसेनासा झाला, एवढाच काय तो बदल.

ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उबरच्या चालकांबाबत निकाल दिला, तो नेमका यावरच होता. हे चालक स्वतंत्र व्यावसायिक नाहीत, 'वर्कर' आहेत, म्हणजे किमान वेतनासारखे हक्क असलेले कामगार. आणि ॲप चालू करून आपल्या ठरलेल्या भागात राइड घ्यायला तयार बसलेला वेळ हासुद्धा कामाचाच वेळ आहे. निकालानंतर कंपनीने किमान वेतन लागू केलं खरं, पण मोजायला सुरुवात केली ती राइड स्वीकारल्यापासून. वाट बघण्याचा वेळ पुन्हा बाहेरच. निकाल हातात असला तरी तो रोजच्या हिशेबात उतरवायला मागे लागणारं कोणीतरी लागतं, ते हे असं. (त्याच वर्षी मे महिन्यात कंपनीने जीएमबी या युनियनला मान्यता दिली. केस जिंकण्यापेक्षा पुढचं रोजचं घासाघिशीचं काम जास्त कंटाळवाणं असतं, आणि ते कोर्ट करत नाही.)

आता माझं म्हणणं सांगतो. पगारवाढ हे युनियनचं सगळ्यांना दिसणारं काम आहे. पण काम कोणाला मिळणार, कोणत्या क्रमाने मिळणार आणि कोणाचं काढून घेतलं जाणार, हे ठरवण्यात वाटा मागणं हे तिचं मूळ काम आहे. कायम नोकरीच्या काळात हे विसरायला झालं, कारण वाटपाचा प्रश्न एकदा हजेरीपटावर नाव लागलं की मिटायचा. तो आता पुन्हा रोजचा झालाय. म्हणून युनियनची गरज संपली नाही, ती मूळपदावर आली.

यात काल्पनिक काही नाही, हे पूर्वी करून झालंय. १९३४ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांनी ८३ दिवसांचा संप केला. सॅन फ्रान्सिस्कोत गोळीबारात दोन माणसं गेली. तिथेही तीच पद्धत होती, पहाटे घोळका करून उभं राहायचं आणि टोळीच्या मुकादमाची मर्जी बघायची. मर्जी म्हणजे अर्थात चहापाणी, ओळखपाळख, लाच. हॅरी ब्रिजेस हे त्या संपाचं ठळक नाव. शेवटी लवादाने निर्णय दिला: कामाचं वाटप एका हॉलमधून होईल, हॉल दोघांनी मिळून चालवायचा, पण वाटप करणारा माणूस युनियनने निवडलेला असेल. आणि वाटपाचा नियम काय, तर आतापर्यंत ज्याचे तास सगळ्यांत कमी भरले असतील त्याचा नंबर आधी.

हा अल्गोरिदमच की! फक्त तो ज्यांच्यावर चालायचा त्यांनी ठरवलेला होता, आणि हॉलमध्ये उभ्या असलेल्या कोणालाही तो तपासता यायचा. आज कोणी म्हणालं की ॲपच्या वाटपाचा नियम उघड करा, तर "ते तांत्रिक आहे, गुंतागुंतीचं आहे, व्यवसायाचं गुपित आहे" अशी उत्तरं येतात. गुंतागुंतीचं असेलही. पण रात्रीत कोणाचा आयडी बंद का झाला हे विचारायला कॉम्प्युटरची पदवी लागत नाही.

स्पेनने २०२१ मध्ये कायदाच केला की कामाच्या अटींवर परिणाम करणारा अल्गोरिदम कोणत्या निकषांवर चालतो हे कंपनीने कामगारांच्या प्रतिनिधींना सांगितलं पाहिजे. युरोपीय संघाचा प्लॅटफॉर्मवरच्या कामाबद्दलचा निर्देश २०२४ मध्ये आला. त्यात खातं बंद करण्याचा निर्णय माणसानेच घ्यायचा, यंत्राने परस्पर नाही, अशी तरतूद आहे. सदस्य देशांना तो आपापल्या कायद्यात आणायला डिसेंबर २०२६ पर्यंतची मुदत आहे. कागदावर छान. पण स्पेनच्या कायद्यातला 'प्रतिनिधी' हा शब्द नजरेआड करू नका. माहिती कोणाला द्यायची? प्रतिनिधीला. प्रतिनिधीच नसेल तर कायदा कपाटात पडून राहील.

आता युनियनवाल्यांकडे वळतो, कारण सगळं खापर कंपन्यांवर फोडणं सोपं आहे.

अमेरिकेच्या त्याच पश्चिम किनाऱ्यावर कंटेनर येऊ घातले तेव्हा तिथल्या गोदी कामगारांच्या युनियनने १९६० मध्ये एक धाडसी करार केला. यंत्रं आणा, आम्ही आडवे येणार नाही. पण वाचलेल्या पैशांत आमचा वाटा हवा. मालकांनी साडेपाच वर्षांत सुमारे २ कोटी ९० लाख डॉलर घालायचे कबूल केले. त्यातून लवकर निवृत्त होणाऱ्यांना पैसे, आणि नोंदलेल्या कामगारांना काम कमी झालं तरी उत्पन्नाची हमी. यंत्राशी डोकं आपटण्यापेक्षा कितीतरी शहाणपणाचा सौदा, आणि आज एआयवरून जी हमरीतुमरी चाललीय त्यात तो कोणी आठवत नाही याचं मला नवल वाटतं. पण त्या कराराची दुसरी बाजूही आहे. हमी मिळाली ती पूर्ण नोंदणी झालेल्या सभासदांना. 'बी' यादीतल्या, अर्धवट नोंदणीच्या कामगारांना नाही. तेही तीच जहाजं रिकामी करत होते.

ही 'बी' यादी प्रत्येक युनियनकडे असते. मी स्वतः बरीच वर्षं वर्गणीदार होतो, नाव सांगण्यात अर्थ नाही. वेतन कराराच्या आधीची एक सभा मला चांगली आठवते. धुलाई भत्त्यावर तास-दीड तास खणाखणी झाली. मग एकाने उठून विचारलं, की आपल्याच लाइनवर, आपल्याच शेजारी उभी राहणारी कंत्राटी पोरं, त्यांचं काय? व्यासपीठावरून उत्तर आलं, "त्यांचा विषय आपण सवडीने घेऊ." टाळ्या झाल्या, सभा संपली. ती सवड काही झाली नाही. पुढे कायम माणसं निवृत्त होत गेली, त्यांच्या जागी कंत्राटी येत गेली, आणि एक दिवस युनियनकडे नेते भरपूर, सभासद मोजके अशी गत झाली. बाजार बदलला म्हणून युनियन खंगली हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं हे, की दारात उभ्या असलेल्या माणसाला तिने आत घेतलं नाही.

यावर उपाय कोणाला सुचलाच नाही असंही नाही. १९७२ मध्ये अहमदाबादला इला भट्ट 'सेवा' या स्वयंरोजगार करणाऱ्या बायकांच्या युनियनची नोंदणी करायला गेल्या तेव्हा अडचण हीच पुढे केली गेली: तुमच्या बायकांना मालकच नाही, मग ही युनियन भांडणार कोणाशी? त्यांचं उत्तर असं, की युनियन कोणाच्या तरी विरोधातच असावी लागत नाही, ती कामगारांच्या एकजुटीसाठी असते. नोंदणी झाली. त्याआधी, १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा आला, अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीमागून. कल्पना अशी: हमाल आज या व्यापाऱ्याकडे, उद्या त्या. मग कोणाही एकाला मालक ठरवत बसण्यापेक्षा कामगार आणि मालक दोघांचीही नोंद मंडळाकडे करा. मालकाने मजुरी आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही (जादा आकार) मंडळात भरायची, आणि भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे, औषधपाणी हे मंडळाने सांभाळायचं. मालक बदलला तरी कामगाराचं खातं तेच. आज जगभर परिषदांमधून 'कामगारासोबत फिरणारे लाभ' म्हणून ज्याची चर्चा चालते, ते आपल्याकडे पाठीवर पोती वाहणाऱ्यांनी अर्ध्या शतकापूर्वी मिळवलं होतं. बोगस माथाडींनी पुढे त्याच नावावर खंडणी उकळल्याच्या तक्रारी झाल्या, आणि त्याने चांगल्या कल्पनेची अब्रू गेली, हेही खरं. त्याकडे डोळेझाक करून माथाडी मॉडेलचे गोडवे गाणाऱ्यांचा मला कंटाळा येतो.

फ्रीलान्सरांची कथा वेगळीच आहे, थोडक्यात सांगतो. दहा डिझायनरांनी मिळून ठरवलं की अमुक दराखाली काम घ्यायचं नाही, तर अनेक देशांत तो स्पर्धा कायद्याचा भंग ठरू शकतो. कागदावर ते दहा 'उद्योग', आणि उद्योगांनी संगनमताने दर ठरवणं म्हणजे कार्टेल! युरोपीय आयोगाला २०२२ मध्ये खास मार्गदर्शक तत्त्वं काढावी लागली की एकट्याने काम करणाऱ्यांनी एकत्र येऊन वाटाघाटी केल्या तर काही परिस्थितींत हा कायदा आड येणार नाही. एकट्या माणसाला आधी उद्योग म्हणायचं आणि मग उद्योग म्हणून दंडुका दाखवायचा, ही चलाखी नीट समजून घ्यायला हवी.

हॉलिवूडच्या लेखकांचं उदाहरण याला पूरक आहे. तेही एका स्टुडिओचे नोकर नसतात, आज या मालिकेवर, उद्या त्या. पण त्यांची गिल्ड, म्हणजे युनियन, एकच, आणि करार सगळ्या मोठ्या स्टुडिओंशी एकत्र. २०२३ मध्ये ते १४८ दिवस संपावर होते. पदरात पडलं ते असं: कंपनी लेखकाला एआय वापरायची सक्ती करू शकत नाही, आणि हातात दिलेला मजकूर एआयने बनवलेला असेल तर तसं सांगावं लागेल. एआय बंद करा असं ते म्हणाले नाहीत. कोणत्या अटीवर येईल ते आम्हालाही विचारा, म्हणाले. पुन्हा तेच, वाटपात वाटा.

उरतो तो वर्गणीचा प्रश्न, ज्यावर भाषणात कोणी बोलत नाही. पूर्वी पगाराच्या दिवशी फाटकावर पावतीपुस्तक घेऊन उभं राहिलं की काम व्हायचं. आता तीन ॲपवर काम करणारा माणूस गाठायचा कुठे? मला माथाडी मंडळाची वाटच सरळ दिसते: प्रत्येक ऑर्डरमागे थोडी लेव्ही कंपनीकडून, ती स्वतंत्र मंडळात. राजस्थानने २०२३ मध्ये गिग कामगारांसाठी जो कायदा केला तो साधारण याच वळणाचा आहे. युनियनची वर्गणी मात्र त्या लेव्हीतून नको, ती कामगाराने आपणहून द्यावी, पाच रुपये का असेना. आयती वर्गणी मिळणारा पुढारी सभासदाकडे फिरकत नाही.

आणि अशा मंडळांवर कामगारांचे प्रतिनिधी सरकारने नेमायचे नाहीत, कामगारांनी निवडायचे. विखुरलेल्या लोकांचं मतदान घेणार कसं, असं विचारणारे भेटतातच. ज्या फोनवर दर फेरीनंतर गिऱ्हाइकाकडून कामगारासाठी तारे मागितले जातात, त्याच फोनवर.