नव्या टॅटूला पाणी चालतं, हळद नाही

टॅटू काढला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक सल्ला हमखास येतो: “पंधरा दिवस पाण्याचा थेंब लागू देऊ नका. रोज हळद आणि खोबरेल तेलाचा जाड थर द्या. कोवळ्या उन्हात वाळवा. खपली सुटायला लागली की अलगद काढून टाका. आजीच्या गोंदणाला कोणी क्रीम लावलं होतं?” यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य टॅटू बिघडवणारं आहे, आणि सगळ्यात जास्त पाण्याचं.

सुई त्वचेत साधारण 1 ते 2 मिलिमीटर खोल जाते आणि वरच्या थराखाली शाई सोडते. वरचा थर हजारो ठिकाणी फुटलेला असतो, म्हणून पहिले दोन-तीन दिवस त्यातून पिवळसर लस, थोडं रक्त आणि जास्तीची शाई पाझरते. ती धुतली नाही तर वाळून जाड खपली धरते. ही खपली शर्टाला किंवा चादरीला चिकटून उचकटली की खालची शाई घेऊनच निघते आणि रेघेत पांढुरकी फट राहते. मग लोक म्हणतात, “शाईच हलकी होती.”

धुवायचं दिवसातून दोनदा, घाम फार येत असेल तर तीनदा. आधी स्वतःचे हात वीस सेकंद साबणाने धुवा. कोमट किंवा साधं पाणी, बिनवासाचा पातळ साबण आणि बोटांची टोकं, एवढंच पुरे. घासणी नको, सगळ्या घराची साबणवडीही नको. बोटाला बुळबुळीत लागणारी लस निघाली की थांबा. टॉवेलने पुसू नका, कागदी रुमालाने टिपून घ्या आणि दहा मिनिटं हवेवर राहू द्या.

खानदेशात अनेक गावांत नळाला काही दिवसांआड पाणी येतं आणि ते ड्रममध्ये साठवलेलं असतं. त्यात तांब्या बुडतो, हात बुडतात. अशा वेळी पहिले चार दिवस टॅटूपुरतं लिटरभर पाणी उकळून, झाकून, निववून वापरा. बोअरचं पाणी असेल तरी हेच करा.

पाणी लावणं वेगळं आणि पाण्यात बुडवून ठेवणं वेगळं. विहिरीत पोहणं, तापीत उतरणं, उनपदेवच्या गरम कुंडात बसणं हे तीन ते चार आठवडे पूर्ण बंद. भिजून खपली फुगते, आणि साचलेल्या पाण्यातले जंतू उघड्या जखमेत शिरतात.

आता हळद. तिच्यात जंतूंना रोखणारे गुण आहेत, हे खरं. पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते: शेतातून, गिरणीतून, गोणीतून आलेली ती भुकटी आहे, आणि भेसळीचा रंगही तिच्यात असू शकतो. तिचे कण लसीत मिसळून खडबडीत पापुद्रा धरतात. त्याहून वाईट म्हणजे त्वचा पिवळी पडल्यामुळे लाली पसरतेय की ओसरतेय, हेच दिसत नाही. घरात लग्न असेल तर टॅटू हळदीच्या निदान महिनाभर आधी काढा.

खोबरेल तेलाला सरसकट नाव ठेवायचं कारण नाही. पोपडे गळून गेल्यावर, दोन-तीन आठवड्यांनी, ते चालतं. चूक आहे ती ‘जाड थरा’ची. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 45 अंशांपर्यंत जातो. तेव्हा तेलाखाली घाम कोंडतो, घामोळ्यासारखे फोड येतात, खपली मऊ पडते आणि धूळ चिकटते. तळहाताएवढ्या टॅटूला हरभऱ्याच्या दाण्याएवढं बिनवासाचं मलम पुरतं. लावल्यावर त्वचा चकाकत राहिली तर जास्त झालं, टिपून काढा. तीन-चार दिवसांनी मलमाऐवजी बिनवासाचं साधं लोशन लावा.

दुकानातून “खाजेची ट्यूब” आणून लावण्याचा प्रकार तर हळदीहून घातक आहे. त्यातल्या बऱ्याच ट्यूबमध्ये तीव्र स्टिरॉइड असतं. त्याने खाज थांबते, पण जखम भरायला वेळ लागतो आणि गजकर्ण असेल तर ते पसरतं. स्पिरिट आणि न मिसळलेलं डेटॉलही नको, नवी त्वचा भाजते.

खपलीला हात लावू नका. चौथ्या दिवसापासून दुसऱ्या आठवड्यापर्यंत रंगीत कोंड्यासारखे पोपडे गळतात, ते आपोआप गळू द्या. खाज सुटली तर तळहाताने हलकं थोपटा. ऊन कोवळं असो की कडक, जखम भरेपर्यंत सैल सुती बाहीने झाका. सनस्क्रीन त्यानंतरच, एसपीएफ 30 किंवा जास्त. रावेर-यावलकडे केळीची कापणी करणाऱ्यांनी खांद्यावर टॅटू काढण्याआधी विचार करावा. घडाचं ओझं, चीक आणि घाम त्याच जागेवर येतो. दोन आठवडे घड उचलायचा नसेल तेव्हाच सुई लावून घ्या.

राहिला आजीच्या गोंदणाचा मुद्दा. कपाळावरचे तीन ठिपके किंवा मनगटावरची बारीक नक्षी म्हणजे काजळीची, एका रंगाची, बोटभर जखम. ती लवकर भरते. आजच्या शेडिंगमध्ये, म्हणजे छटा भरताना, तीच जागा सुई पुन्हा पुन्हा टोचते आणि जखम वीतभर असते. आजीच्या गोंदणाची रेघ नीट पाहा: ती पसरून हिरवट-निळी झालेली दिसेल. ज्यांचं गोंदण पिकलं, त्यांची गोष्ट कोणी फॉरवर्ड करत नाही. सारंगखेड्याच्या यात्रेसारख्या गर्दीत एकाच सुईने अनेकांना गोंदलं तर हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचा धोका असतो, आणि तो कुठल्याही मलमाने जात नाही. सुईचं पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा. टॅटूनंतर 12 महिने रक्तदानही करता येत नाही.

पहिले दोन-तीन दिवस लाली, ऊब आणि ठणका असणारच. तिसऱ्या दिवसानंतर लाली वाढत गेली, पू आला, ताप चढला किंवा टॅटूपासून वर लाल रेघ सरकताना दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मधुमेह असेल तर याहूनही आधी. लालीच्या कडेला पेनाने रेघ आखून वेळ लिहून ठेवा, म्हणजे ती किती पसरली हे डॉक्टरांना लगेच कळतं. दोन-तीन आठवड्यांनी फक्त राखाडी शेडिंगवर बारीक लाल गाठी उठल्या, तर राखाडी छटेसाठी शाईत साधं पाणी मिसळलं असण्याची शक्यता डॉक्टरांना आवर्जून सांगा. अशा पाण्यातल्या जंतूंची तपासणी वेगळी असते आणि औषधं काही महिने घ्यावी लागतात.